बहुजनहिताय : आकाशवाणीचा एक दिवस

आकाशवाणीच्या बोधचिन्हाखाली ‘बहुजनहिताय बहुजनसुखाय’ हे शब्द आहेत. हे शब्द तथागतांचे आहेत. सारनाथला पहिल्या साठ भिक्खूंना चारी दिशांना पाठवताना त्यांनी ते उच्चारले. दोघांनी एका वाटेने जाऊ नये असेही त्यांनी तेव्हाच सांगितले होते. धम्म जास्तीत जास्त माणसांच्या कानी पडावा, त्यांना कळेल अशा भाषेत पडावा, ही त्यामागची दृष्टी. ध्वनिक्षेपणासाठी याहून समर्पक ब्रीद सापडणे कठीण. प्रश्न एवढाच आहे, की या ब्रीदातला ‘बहुजन’ केंद्राच्या दिवसभराच्या कार्यक्रमात कुठे भेटतो? आणि भेटतो तो बोलणारा म्हणून, की ऐकणारा म्हणून?

हा प्रश्न डोक्यात घेऊन १९८१ साली एका गुरुवारी मी वही-पेन्सिल घेऊन पहाटेपासून रात्रीपर्यंत रेडिओसमोर बसलो. मी तेव्हा शाळामास्तर होतो आणि सुट्टी होती. केंद्र कोणते ते सांगण्याची गरज नाही, कारण चाकोरी सगळीकडे बहुतांशी सारखीच असे. प्रत्येक केंद्राचा एक ठरीव तक्ता असतो आणि कोणत्या मिनिटाला काय वाजायचे ते तीन-तीन महिन्यांसाठी आधीच मांडलेले असते. त्या तक्त्यात ज्याला जागा नाही, त्याला आकाशात जागा नाही.

दिवस उघडतो तो ओळखीच्या सुरावटीने. ती १९३६ च्या सुमारास वॉल्टर कॉफमन याने बांधली असे मानले जाते. हा ज्यू संगीतकार हिटलरच्या युरोपातून जीव वाचवून १९३४ साली मुंबईला आला होता. वंशावरून हाकललेल्या माणसाच्या धुनेने या देशाची पहाट होत आली आहे, हे मला कळले तेव्हा त्या सुरावटीविषयी एकदम आपलेपणा वाटला.

तो आपलेपणा फार टिकला नाही. पाठोपाठ भक्तिसंगीत आले. माझ्या वहीत नोंद आहे : एक संस्कृत स्तोत्र, दोन अभंग तुकोबांचे, एक चोखोबांचा, एक नाट्यपद. चोखोबा रेडिओला चालतो. तो चौदाव्या शतकातला आहे, आणि दाराबाहेर उभा राहून रडणारा आहे. दार ढकलणारा महार त्या वेळच्या तक्त्यात मला सापडला नाही.

सात वाजायच्या आत संस्कृत बातम्या. हे बातमीपत्र १९७४ साली सुरू झाले. पाच मिनिटांचेच असते, आणि त्यावर उगाच संतापण्याचे कारण नाही. खुद्द बाबासाहेबांनी १९४९ साली संस्कृतला राजभाषा करण्याच्या प्रस्तावाला पाठिंबा दिला होता, हे आपल्या कार्यकर्त्यांपैकी पुष्कळांना ठाऊक नसते. मात्र ज्या बुद्धवचनाचे ब्रीद झाले, त्याची पाली त्या दिवशी अठरा तासांत एकदाही ऐकू आली नाही, एवढे मी लिहून ठेवले. मग सात-पाचच्या प्रादेशिक बातम्या, साडेआठला दिल्लीहून मराठी बातम्या. त्या आमच्या वस्तीत दोनच रेडिओंवर लागत, आणि दोन्हींभोवती माणसे उभी असत.

दुपारच्या महिलांच्या कार्यक्रमात त्या दिवशी उरलेल्या पोळ्यांचे पदार्थ सांगितले. उरलेल्या पोळ्या! माझी बहीण भांडी घासता घासता हसली.

संध्याकाळचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम मात्र मी कान देऊन ऐकला. या कार्यक्रमांच्या मागे एक मोठा आणि चांगला प्रयोग आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साह्याने पुणे केंद्राने नगर, नाशिक, कोल्हापूरसारख्या जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे उभी केली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचे, त्यावर चर्चा करायची, आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. श्रोत्याने उलट बोलावे ही कल्पना या देशात तेव्हा नवीच होती. पण गावाने ‘एकत्र बसावे’ हे दिल्ली-पॅरिसला जितके सोपे वाटले, तितके ते गावात सोपे नव्हते. आमच्याही गावात पुढे सरकारी सामुदायिक रेडिओ आला आणि तो चावडीत बसवला. चावडीच्या ओट्यावर पाटील-कुळवाडी बसत. आम्ही ओट्याखाली, लिंबाच्या मुळाशी. आवाज तिथवर यायचा, नाही असे नाही. वारा उलटा असला म्हणजे अर्धे वाक्य जायचे. माझ्या ज्ञानाची सुरुवात अशा अर्ध्या वाक्यांनी झाली.

त्या गुरुवारी कार्यक्रमात संकरित ज्वारीवरच्या किडीची माहिती होती. माहिती उपयोगाची होती. माझा बाप सालगडी होता. फवारणीचा पंप त्याच्याच पाठीवर असायचा. औषध पिकाला किती मारायचे ते रेडिओने सांगितले. फवारणाऱ्याच्या नाकातोंडात गेले तर काय करायचे, ते त्या दिवशी तरी सांगितले नाही. कारण बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शेत असलेला माणूस होता. शेतात असलेला नव्हता. हित आहे, पण कोणत्या बहुजनाचे? हा भेद एकदा लक्षात आला की सगळा दिवसच निराळा ऐकू येऊ लागतो.

संगीताचेही तसेच. १९५२ पासून दहा वर्षे माहितीमंत्री असलेल्या बाळकृष्ण केसकरांच्या काळात गायक-वादकांची चाचणी घेऊन त्यांना श्रेणी लावण्याची पद्धत रुजली : बी, बी-हाय, ए, टॉप. पक्षपात टाळण्यासाठी गाणारा परीक्षकांना दिसू नये ही व्यवस्था स्तुत्य आहे. पण गळा कोणत्या घरात घडला, हे पडद्याआडूनही ऐकू येते. शिवाय आधी रकाना ठरतो : शास्त्रीय, सुगम, लोकसंगीत. आमच्या गायनपार्टीचे गाणे काल रचलेले असते, त्याला कवी असतो, त्यात विचार असतो; पण ते रकान्यात पडते लोकसंगीताच्या, म्हणजे जणू कुणीच न रचलेल्याच्या. आणि वाद्य? १९३० च्या दशकापासून आंबेडकरी जलसे ज्या बाजाच्या पेटीवर उभे राहिले, त्या पेटीला १९४० साली रेडिओवर बंदी झाली. मींड निघत नाही, श्रुती लागत नाहीत, म्हणून. ती बंदी उठायला तीसएक वर्षे लागली.

श्रोते मात्र दर वेळी मुकाट बसले असे नाही. केसकरांनी सिनेसंगीताला कात्री लावली, तेव्हा लोकांनी बटण फिरवून सिलोन लावले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविधभारती सुरू करावी लागली.

त्याच तारखेला, तीन वर्षे आधी, ३ ऑक्टोबर १९५४ ला बाबासाहेब आकाशवाणीवर आपल्या जीवनविषयक तत्त्वज्ञानावर बोलले होते. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतली नसून आपले गुरू बुद्ध यांच्याकडून घेतली, असे त्यांनी त्यात स्पष्ट सांगितले. त्याआधी १९४२ साली मजूरमंत्री असताना मुंबई केंद्रावरून कामगारांसाठी केलेल्या भाषणातही हीच तीन तत्त्वे होती, युद्धाच्या संदर्भात. म्हणजे रेडिओ हे परक्याचे यंत्र म्हणून त्यांनी दूर ठेवले नाही. मिळाली ती मिनिटे त्यांनी पुरेपूर वापरली. कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या केंद्राचा एक दिवस असाच वही घेऊन ऐकावा असे मला वाटते. आता तर मोबाइलवर कोणतेही केंद्र ऐकता येते. निर्मितीच्या जागांवर आपली मुलेही पोहोचली आहेत. १९८१ चे माझे कोष्टक आज जसेच्या तसे लागू पडेल असा माझा दावा नाही.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. त्याच वर्षी एका केंद्राने मला ‘गावातील पाणी’ या विषयावर सात मिनिटांचे भाषण दिले. भाषण आधी लिहून द्यावे लागते. कोणत्याही धर्मावर वा समाजावर हल्ला नसावा, अशी आकाशवाणीची संहिता आहे, आणि मुळात ती योग्यच आहे. मी विहिरीविषयी लिहिले होते : सवर्ण बाया वाढीपर्यंत माझी आई रिकामी घागर घेऊन उभी राही. अधिकारी भला माणूस होता. त्याने चहा मागवला, आणि ‘सवर्ण बाया’ खोडून ‘काही स्त्रिया’ केले. मग ‘वाढीपर्यंत’ हा शब्द श्रोत्यांना कळणार नाही म्हणून तोही बदलला. पाणी वरून ओंजळीत किंवा घागरीत ‘वाढणे’ म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगायला मला सातांहून जास्त मिनिटे लागली. तो खरोखर गप्प झाला. शब्द मात्र बदललेलाच राहिला.

दोन वर्षांनी मी पुन्हा गेलो. या वेळी हलगीविषयी लिहिले होते : ती कोणाच्या घरी टांगलेली असते, लग्नात वाजवणाऱ्याला कुठे जेवायला बसवतात, आणि आमच्या वस्तीतल्या दोघांनी ती वाजवायची का सोडली. एकही शब्द खोडला गेला नाही. करारपत्र आले तेव्हा विषयाच्या रकान्यात ‘लोककला’ असे टंकलेले होते.