थेंबाचा आकार, फवारणीचा परिणाम : फिरत्या चकतीचे विज्ञान

मे २०२० मध्ये वाळवंटी टोळांचे थवे अमरावती, वर्धा, नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत पोहोचले. त्याच महिन्यात केंद्रीय कृषी मंत्रालयाने हेलिकॉप्टरवर बसविण्याच्या फवारणी यंत्रणेसाठी ब्रिटनमधील मायक्रॉन कंपनीशी करार केला. मात्र कोविडमुळे ती यंत्रणा सप्टेंबरपूर्वी हाती येणार नव्हती. तेव्हा चंदीगड येथील हवाई दलाच्या तीन क्रमांकाच्या बेस रिपेअर डेपोने एमआय-१७ हेलिकॉप्टरसाठी देशी यंत्रणा उभी केली. तिच्यातील काही नोझल त्याच शहरातील सेक्टर ३० मधल्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेची, म्हणजे सीएसआयओची, होती. उर्वरित बाजारात मिळणारी होती.

या यंत्रणेची टाकी ८०० लिटरची होती. सुमारे ४० मिनिटांच्या एका फेरीत मॅलाथिऑनची फवारणी अंदाजे ७५० हेक्टरवर व्हावी, अशी तिची रचना होती. म्हणजे हेक्टरी जेमतेम एक लिटर! पाठीवरील पंपाने आपण हेक्टरी ५०० लिटरपर्यंत द्रावण वापरतो. मग एका लिटरमध्ये एक हेक्टर कसा झाकला जातो? याचे उत्तर थेंबाच्या आकारात आहे.

थेंबांचा हिशेब

थेंबाचा व्यास निम्मा केला, तर तेवढ्याच द्रावणातून आठपट थेंब मिळतात. ४०० मायक्रॉनच्या एका थेंबात १०० मायक्रॉनचे ६४ थेंब सामावतात. एक लिटर द्रव १०० मायक्रॉनच्या समान थेंबांत विभागून एक हेक्टर सपाट जागेवर पसरला, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १९ थेंब पडतात. तोच द्रव ४०० मायक्रॉनच्या थेंबांत विभागला, तर तीन चौरस सेंटिमीटरला एकच थेंब येतो. फुलकिडे किंवा तुडतुड्यांसारख्या लहान किडीला या दोन थेंबांमधील मोकळ्या जागेत सहज आसरा मिळतो.

परंतु थेंब बारीक करण्यालाही मर्यादा आहे. १०० मायक्रॉनचा थेंब स्थिर हवेत सेकंदाला सुमारे २५ सेंटिमीटर वेगाने खाली येतो, तर २० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला केवळ सव्वा सेंटिमीटर. एक मीटर उंचीवरून पहिला थेंब चार सेकंदांत पिकावर येतो. दुसऱ्याला ८० सेकंद लागतात. सेकंदाला दीड मीटर वेगाचा मंद वारा असला, तरी पहिला सहा मीटर सरकतो आणि दुसरा शंभर मीटरपलीकडे जाऊ शकतो. पाण्याचा इतका बारीक थेंब उन्हात वाटेतच आटतो, हे वेगळेच.

नोझल आणि चकती

दाबावर चालणाऱ्या नेहमीच्या नोझलमधून एकाच वेळी अतिसूक्ष्म आणि मोठे असे दोन्ही थेंब बाहेर पडतात. मोठे थेंब पानावरून ओघळतात, बारीक थेंब वाऱ्यावर जातात. फिरत्या चकतीत द्रव मध्यभागी सोडला जातो, केंद्रोत्सारी बलाने तो कडेकडे पसरतो आणि कडेवरून जवळपास सारख्या आकाराच्या थेंबांत तुटतो. वॉल्टन आणि प्रेवेट यांनी १९४९ मध्ये या थेंबांचा नियम मांडला : चकतीचा वेग दुप्पट केला की थेंबाचा व्यास निम्मा होतो. त्यांच्या सूत्राने आठ सेंटिमीटर व्यासाच्या चकतीवर पाण्याचा थेंब मिनिटाला ५,००० फेऱ्यांना सुमारे २१७ मायक्रॉन, १०,००० फेऱ्यांना १०९ आणि १५,००० फेऱ्यांना ७२ मायक्रॉन येतो. चिकट-प्रसारक मिसळल्याने पृष्ठताण कमी होतो आणि थेंब आणखी लहान होतो. मात्र चकतीवर प्रमाणाबाहेर द्रव सोडल्यास त्याचा पडदा बनून फाटतो आणि आकारातील सारखेपणा नष्ट होतो.

सीएसआयओने थेंबांना विद्युतभार देणारे स्थिरविद्युत फवारणी तंत्रही विकसित केले आहे. भारित थेंब पानाच्या खालच्या बाजूसही खेचले जातात. पांढरी माशी नेमकी तेथेच असते. २०२० मध्ये या तंत्रावर आधारित निर्जंतुकीकरण यंत्राचे हस्तांतरण नागपूरच्या एका कंपनीला करण्यात आले.

चकतीवरून सूक्ष्मकणांकडे

प्रयोगशाळेत हेच तत्त्व आणखी सूक्ष्म पातळीवर वापरले जाते. सीडीसारख्या चकतीत केसाएवढ्या बारीक वाहिन्या कोरल्या जातात. चकती फिरली की द्रव पंपाशिवाय बाहेरच्या दिशेने सरकतो आणि वाहिनीच्या टोकाशी सारखे थेंब तयार होतात. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी सेंट्रिफ्यूजमध्ये बारीक नलिका बसवून सोडियम अल्जिनेटचे थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात पाडले. तेथे ते घट्ट होऊन सूक्ष्मकण बनले, आणि एकाच कणात वेगवेगळे कप्पेही करता आले.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने यात मोठी शक्यता आहे. घाटेअळीवरील एचएएनपीव्ही विषाणू सूर्याच्या अतिनील किरणांनी लवकर निष्क्रिय होतो. त्याला आवरणाची गरज आहे. कीडभक्षी सूत्रकृमी अल्जिनेटच्या मण्यांत ठेवण्याचे प्रयोग पूर्वीच झाले आहेत. कणांचा आकार सारखा असेल, तर आतील घटक किती वेगाने बाहेर पडेल याचा अंदाज बांधता येतो.

थेंब आणि माणूस

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला. अशा घटनेमागे अनेक कारणे एकत्र येतात. तरी डोक्याएवढ्या उंच पिकात हवेत तरंगणारा बारीक फवारा फवारणाऱ्याच्या अंगावर आणि श्वासात जातो, हे विसरता येणार नाही. म्हणून थेंबाचा आकार केवळ परिणामकारकतेचा नव्हे, सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

शेतावर काय करावे?

• ड्रोनवर फिरत्या चकतीचे नोझल असल्यास फवारणीपूर्वी चालकाकडून चकतीचा वेग व थेंबाचा आकार विचारून घ्यावा.

• पिकात वरच्या, मधल्या व खालच्या पानांवर पाणीसंवेदी कागद लावून आधी स्वच्छ पाण्याने चाचणी घ्यावी. पिवळ्या कागदावरील निळे ठिपके प्रति चौरस सेंटिमीटर मोजावेत.

• तणनाशकासाठी २५० मायक्रॉनहून मोठे थेंब ठेवावेत. शेजारच्या पिकाचे नुकसान टळते.

• काम लवकर उरकण्यासाठी चकतीवरील द्रवाचा प्रवाह वाढवू नये. चकतीची कड स्वच्छ व अखंड ठेवावी.

• हेक्टरी एक लिटरची फवारणी केवळ अतिअल्प आकारमानासाठी नोंदणीकृत कीटकनाशकानेच होते. पाण्यात मिसळायची नेहमीची औषधे तशी वापरू नयेत.

• थेंब कितीही चांगला पडला, तरी लेबलवरील हेक्टरी मात्रा स्वतःहून बदलू नये, आणि हातमोजे, मास्क व पूर्ण बाह्यांचे कपडे यांना पर्याय नाही.

फवारणी निष्फळ ठरली की पुढच्या वेळी औषध बदलण्याकडे किंवा मात्रा वाढवण्याकडे आपला कल असतो. विस्तार कार्यकर्त्यांनी त्याआधी एक प्रश्न विचारण्याची सवय लावावी : थेंब किडीपर्यंत पोहोचला होता का?