कळ सोसायची नाही, सांगायची
लेखमाला : वजनाची शस्त्रक्रिया समजून घेताना – भाग ७

१८३६ साली कोलकात्याच्या फोर्ट विल्यमवरून तोफांची सलामी झाली, असे सांगतात. ती कुणा गव्हर्नरासाठी नव्हती. किल्ल्यापासून फार दूर नसलेल्या, वर्षभरापूर्वीच सुरू झालेल्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्त यांनी मानवी देहाचे विच्छेदन केले होते. शवाला हात लावला तर माणूस बाटतो, असे मानणारा तो काळ. 

शवाला वेदना नसते. जिवंत माणसाला असते, आणि त्या सलामीनंतरही आणखी अकरा वर्षे या शहरात माणसाच्या अंगावर सुरी चालली ती तो जागा असतानाच. मागच्या भागात आपण वजन कमी करण्याच्या स्लीव्ह आणि बायपास या दोन शस्त्रक्रियांतला फरक पाहिला. आज पाहायचा आहे तो बहुतेक रुग्ण सर्वांत आधी विचारतात तो प्रश्न : दुखेल का?

हुगळीकाठचा प्रयोग

कोलकात्याजवळच्या हुगळी गावी जेम्स एस्डेल नावाचे कंपनी सरकारचे स्कॉटिश सर्जन होते. बंगालमध्ये हत्तीरोग फार. रोगामुळे काही पुरुषांच्या अंडकोषाची गाठ इतकी वाढे, की चालणे अशक्य होई. काही गाठींचे वजन तीस किलोंच्याही वर जाई. ती काढणे ही आजच्या अर्थाने वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया नव्हे. पण आपल्याच देहाचा भार वाहून थकलेला माणूस आणि त्यातून सुटण्यासाठी सुरीखाली जाण्याची भीती, हे नाते तेच आहे.

एप्रिल १८४५पासून एस्डेल यांनी मेस्मेरिझमचा, म्हणजे आज ज्याला संमोहन म्हणतात त्याच्या पूर्वरूपाचा, वापर सुरू केला. अंधाऱ्या खोलीत त्यांचे मदतनीस रुग्णाच्या अंगावरून तासन्‌तास हात फिरवीत आणि तो गाढ झोपेसारख्या अवस्थेत गेला की शस्त्रक्रिया होई. १८४६मध्ये सरकारने पाहणीसाठी समिती नेमली. तिच्यासमोर काही रुग्ण निश्चल पडून राहिले. काहींचे हात आक्रसले, चेहरे पिळवटले. जागे झाल्यावर मात्र दुखल्याचे तेही सांगेनात.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत बोस्टनला ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया झाली. ती बातमी जहाजांनी आली आणि २२ मार्च १८४७ रोजी कोलकात्याच्या मेडिकल कॉलेज रुग्णालयात डॉ. ओशॉनेसी यांच्या देखरेखीखाली भारतातली पहिली ईथरची भूल दिली गेली. १२ जानेवारी १८४८ला क्लोरोफॉर्मही आले. हात फिरवून वेदना घालवण्याचे दिवस त्यामुळे लवकरच सरले.

पण एस्डेल यांच्या खोलीत दिसलेली एक गोष्ट खोटी नव्हती. वेदना जखमेत उगम पावते, तरी तिचे माप मेंदूत ठरते. मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५मध्ये मांडलेला ‘गेट’चा सिद्धान्त हेच सांगतो : मज्जारज्जूत जणू एक दार असते. ते किती उघडायचे, किती लोटायचे, यावर भीतीचा, अपेक्षेचा, झोपेचा परिणाम होतो. म्हणून शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ शेजारी बसून ‘काय होईल, कुठे दुखेल, किती दिवस दुखेल’ हे समजावतात, तो वेदनेवरच्या उपचाराचा पहिला डोस असतो.

टेबलावर : दुखण्याआधीच बंदोबस्त

जठराचा बायपास एडवर्ड मेसन यांनी अमेरिकेत १९६६च्या सुमारास सुरू केला, तेव्हा पोटावर लांब चीर असे. १९९४मध्ये दुर्बिणीतून केलेल्या बायपासची पहिली नोंद झाली. आज पाच-सहा छोट्या छिद्रांतून काम होते आणि वेदना तिथेच निम्म्या वाटेवर अडते. उरलेली अडवण्यासाठी एकाच औषधावर भिस्त ठेवत नाहीत. सर्जन छिद्रांच्या जागी बधिर करणारे इंजेक्शन देतात. भूलतज्ज्ञ सोनोग्राफीच्या मदतीने पोटाच्या भिंतीतल्या नसांपाशी औषध सोडू शकतात. शिरेतून पॅरासिटामॉल दिले जाते, उलटी थांबवणारी औषधे आधीच दिली जातात. कारण उलटीचा प्रत्येक उमासा टाक्यांना ओढ देतो.

मॉर्फिनसारखी अफूच्या जातीची औषधे सर्वांत जोरकस. मग तीच भरपूर का देत नाहीत? वजन जास्त असलेल्या अनेकांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असतो. घरचे ‘फार घोरतात’ एवढेच म्हणतात. तो स्लीप ॲप्निया असू शकतो. ही औषधे झोप गडद करतात आणि श्वासाची ओढ मंद करतात. दोन्ही एकत्र आले तर वॉर्डात रात्री धोका होऊ शकतो. म्हणून ती कमीत कमी आणि नजरेखाली देतात. अनेक औषधांची मात्राही काट्यावरच्या पूर्ण वजनावर नव्हे, तर चरबी वगळून उरणाऱ्या वजनाच्या अंदाजावर बेततात. घरी झोपताना श्वास मोकळा ठेवणारे सीपॅप यंत्र वापरत असाल, तर ते बॅगेत सर्वांत आधी ठेवा. आणि घोरण्याबद्दल विचारले तर लाजून लपवू नका.

वॉर्डात : शून्य नव्हे, चालण्याइतके

शुद्धीवर आल्यावर पोटात ओढ आणि ठसठस जाणवते. पण अनेकांना बुचकळ्यात टाकते ते खांद्याचे दुखणे. शस्त्रक्रिया पोटाची, मग खांदा का दुखतो? दुर्बिणीला जागा मिळावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्याने श्वासपटल चाळवले जाते, आणि श्वासपटलाची नस मानेतल्या ज्या मुळांतून निघते, त्याच मुळांतून खांद्याकडेही संवेदना जाते. मेंदू पत्ता चुकतो. ही कळ साधारण दोन-तीन दिवसांत ओसरते. चालल्याने बरे वाटते.

सिस्टर विचारतात, ‘शून्य ते दहा, किती दुखतंय?’ उत्तर शून्य असावे, हे ध्येय नाही. उशी पोटाशी धरून खोकता येणे, तीन चेंडूंच्या यंत्रात दीर्घ श्वास ओढता येणे आणि शस्त्रक्रियेच्या दिवशीच काही पावले टाकता येणे, इतपत दुखणे खाली आणणे हे ध्येय आहे. कारण दुखते म्हणून जो निजून राहतो, त्याच्या फुप्फुसाचा तळ मिटतो आणि पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती वाढते. चालणे हा वेदनाशमनाचा हेतू आहे आणि उपायही. त्यामुळेच पॅरासिटामॉल पहिले काही दिवस ‘दुखले तर’ न देता घड्याळाप्रमाणे देतात. वणवा पेटल्यावर विझवण्यापेक्षा ठिणगी विझवणे सोपे.

घरी : जुन्या डब्यातल्या गोळ्या नकोत

घरी आल्यावर सर्वांत मोठी चूक होते ती औषधांच्या जुन्या डब्यापाशी. गुडघे दुखायचे तेव्हाच्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनच्या गोळ्या तिथे असतात. बायपासनंतर जठर आणि आतडे जोडलेल्या जागी या गोळ्या व्रण पाडू शकतात. तो व्रण वाहू शकतो, फुटूही शकतो. दुकानातून आणलेल्या, पॅरासिटामॉलबरोबर हेच औषध असलेल्या मिश्र गोळ्यांनाही हे लागू आहे. बायपास झालेल्याने त्या कायमच्या टाळायच्या, स्लीव्ह झालेल्याने सर्जनला विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. दाताच्या डॉक्टरांकडे गेलात तरी आधी सांगा, ‘माझी अशी शस्त्रक्रिया झाली आहे.’ सुरुवातीला पातळ किंवा बारीक केलेली औषधे घ्यावी लागतात. पण कोणती गोळी कुटायची आणि कोणती नाही, हे डॉक्टरांनाच विचारायचे.

काही दुखणे आपल्याच हातात असते. पाणी घटाघट प्यायले, घास भरभर गिळला, तर छातीच्या खाली दाटून येते. घोट छोटा, मध्ये थांबा. हे शिकणे हाही उपचारच.

दुखणे जेव्हा निरोप असते

वेदना रोज थोडी उतरली पाहिजे. उतरलेली वेदना पुन्हा चढू लागली, नाडी विश्रांतीतही १२०च्या वर राहिली, ताप, धाप किंवा विनाकारण घालमेल असेल, तर टाक्यांच्या रेषेतून गळती होत असल्याची शक्यता असते. अशा वेळी गोळी घेऊन सकाळची वाट पाहायची नाही, त्याच रात्री रुग्णालयात जायचे. एका पोटरीत दुखून सूज आली तरी तसेच. काही महिन्यांनी उजव्या बरगडीखाली कळ आली तर पित्ताशयातले खडे तपासावे लागतात. वजन वेगाने उतरताना ते होतात. आणि बायपासनंतर, अगदी काही वर्षांनीही, पोटात मुरडून येऊ लागले, तर आतडे आतल्या फटीत अडकले नाही ना, हे तातडीने पाहावे लागते.

इथे आपली भाषा फार उपयोगी पडते. ठणका, ठसठस, चमक, मुरडा, ओढ, जळजळ, दाटणे, सलणे : एवढे शब्द आपल्याकडे आहेत, कारण आपल्या आजी-पणजींनी दुखणे बारकाईने ओळखले होते. ‘दुखतंय’ एवढेच सांगितले तर डॉक्टरांना चाचपडावे लागते. ‘जेवल्यावर मुरडून येतं, पाठीत चमक जाते’ असे सांगितले तर निम्मे निदान झाले.

पण त्याच भाषेने ‘जरा कळ काढ’ हेही शिकवले, आणि सोशिकपणाला, विशेषतः बाईच्या सोशिकपणाला, गुण मानले. वजनावरून आयुष्यभर बोल ऐकलेल्या माणसाला तर मदत मागायचाही संकोच होतो. आपल्या देहामुळे आधीच सगळ्यांना त्रास, असे त्याला वाटत राहते. एस्डेल यांच्या त्या रुग्णांचे चेहरे पिळवटत होते, तेव्हा त्यांना विचारायची वेळ येईपर्यंत सगळे होऊन गेलेले असे. आज सिस्टर दर काही तासांनी येऊन विचारतात. तेव्हा खरा आकडा सांगा.

(पुढील भागात : शस्त्रक्रियेनंतरचे पहिले चार आठवडे – घोटापासून घासापर्यंत)