चौघांपैकी तिघांनी सोडलेली गोळी (लेखांक ७)

मागच्या लेखांकात आपण स्किझोफ्रेनियावरील औषधांच्या दोन पिढ्या पाहिल्या. १९५०च्या दशकात क्लोरप्रोमाझिनपासून सुरू झालेली ती जुनी, आणि १९९०च्या दशकात दिमाखात बाजारात उतरली ती नवी. नव्या गोळ्या कितीतरी महाग होत्या, पण त्यांनी हातपाय कमी थरथरतात, अंग कमी आखडते, म्हणून रुग्ण त्या टिकून घेईल, असे गृहीत धरलेले होते. हे गृहीतक तपासण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने सरकारी पैशातून एक मोठी चाचणी घेतली. ‘केटी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीचे पहिले निष्कर्ष सप्टेंबर २००५मध्ये प्रसिद्ध झाले. ५७ केंद्रे, सुमारे दीड हजार जुनाट रुग्ण, अठरा महिने. परफेनाझिन हे जुने, स्वस्त औषध एका बाजूला. ओलान्झपिन, रिस्पेरिडोन, क्वेटियापिन आणि झिप्रासिडोन ही चार नवी दुसऱ्या बाजूला. कोणाला काय मिळते आहे, हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांनाही.

या चाचणीचे खरे शहाणपण तिच्या मोजपट्टीत आहे. भास किती ओसरले, संशय किती निवळला, याचे गुण इतर चाचण्यांप्रमाणे तिथेही नोंदवले गेले. पण मुख्य प्रश्न ठेवला तो साधा: दिलेले औषध किती जणांनी शेवटपर्यंत घेतले? उत्तर धक्कादायक होते. ७४ टक्के रुग्णांचे पहिले औषध अठरा महिन्यांच्या आत थांबले किंवा बदलावे लागले. त्यातल्या त्यात ओलान्झपिन टिकले, तरी तेही ६४ टक्क्यांनी सोडले. परफेनाझिन ७५, रिस्पेरिडोन ७४, झिप्रासिडोन ७९, क्वेटियापिन ८२. ज्या जुन्या गोळीला मोडीत काढले होते, ती नव्यांच्या रांगेत मधोमध उभी होती. त्याहून बोलका तपशील कारणांचा. गुण येत नाही म्हणून २४ टक्क्यांचे औषध थांबले, दुष्परिणाम सोसेनात म्हणून १५ टक्क्यांचे, आणि तब्बल ३० टक्के रुग्णांनी ते स्वतःच्या निर्णयाने सोडले. म्हणूनच माझे म्हणणे असे, की वर्षानुवर्षे चालणाऱ्या उपचारात औषधांची तुलना निव्वळ ताकदीवर करणे चुकीचे आहे. या माणसाला कोणता त्रास सोसवेल, हा प्रश्न आधी यायला हवा.

यावर कोणी म्हणेल, ओलान्झपिन पहिले आले ना, मग तेच सर्वांना द्या. पण त्याच चाचणीत ओलान्झपिन घेणाऱ्यांपैकी ३० टक्के लोकांचे वजन सात टक्क्यांहून अधिक वाढले, साखर आणि चरबीची गणिते बिघडली. ज्याच्या घरात मधुमेह आहे, त्याच्यासाठी हा पहिला क्रमांक फारसा कामाचा नाही. उलट, परफेनाझिन स्वस्त आणि तुल्यबळ म्हणून तेच द्यावे, हा निष्कर्षही घाईचा ठरेल. तोंडाच्या, जिभेच्या अनैच्छिक हालचालींचा विकार ज्यांना आधीच जडला होता, त्यांना परफेनाझिन दिलेच नव्हते. आणि हा विकार अठरा महिन्यांत पुरता दिसतही नाही. चाचणीचे हे लंगडेपण मान्य करावेच लागते.

तीन चतुर्थांश लोक औषध सोडतात, म्हणजे औषधे निरुपयोगी, असाही अर्थ काढला जातो. तो चूक आहे. इथे ‘सोडणे’ म्हणजे नेमून दिलेली गोळी थांबणे; त्यातल्या अनेकांना पुढे दुसरे औषध मिळाले. औषध चालू ठेवले तर काय होते, याचे उत्तर २०१२मध्ये ६५ चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासाने दिले. सुमारे वर्षभरात आजार उलटण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत २७ टक्के, तर बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत ६४ टक्के होते.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. आपण आजारी आहोत हेच ज्याला पटत नाही, त्याचा कौल कशाला घ्यायचा? घरचे लोक हे कळवळून विचारतात, आणि त्यांचे चुकत नाही. पण त्या ३० टक्क्यांना कोणी विचारले नाही म्हणून त्यांचा निर्णय थांबला का? तो गोळी न गिळण्यातून व्यक्त झालाच. मत आधी ऐकायचे की औषध सुटल्यावर, एवढीच निवड आपल्या हाती आहे. दीर्घकाळ टिकणाऱ्या इंजेक्शनने काही प्रमाणात मार्ग निघतो. स्वीडनमधल्या २९,८२३ रुग्णांच्या नोंदींवरून २०१७मध्ये दिसले, की त्याच औषधाच्या गोळ्यांपेक्षा इंजेक्शनांवर असलेल्यांना पुन्हा रुग्णालयात दाखल करण्याचा धोका २० ते ३० टक्क्यांनी कमी होता. विसरणे, लपवणे, थुंकून टाकणे यांवर सुई हा उपाय आहे. वाढत्या वजनावर नाही. आणि पुढच्या तारखेला न येण्याची मुभा रुग्णाला असतेच.

त्याच स्वीडिश नोंदींत इंजेक्शनांच्या बरोबरीने क्लोझापिन ही गोळीही सरस ठरली. तरीही ती पहिल्यांदा का दिली जात नाही, आणि तिच्यासाठी रक्त पुन्हा पुन्हा का तपासावे लागते, ते पुढच्या आठवड्यात. तोवर हा लेख वाचून कोणीही चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नये किंवा बदलू नये. काय सोसवत नाही, ते मात्र पुढच्या भेटीत डॉक्टरांना न विचारताही सांगावे.