जुन्या आर्केड गेमचं योक घरीच बनवा: दोन पॉट, चार स्प्रिंगा आणि थोडा सब्र

सुट्टी लागली की मुलं मोबाइल घेऊन बसतात आणि घरोघरी तोच वाद सुरू होतो. गेम बंद कर म्हणून ओरडण्याऐवजी गेम खेळायचं साधनच मुलांकडून बनवून घेतलं तर? आज आम्ही अशाच एका साधनाची माहिती देत आहोत. त्याचं नाव योक.

योक म्हणजे काय?

विमानाच्या पायलटसमोर असतं तसं दोन मुठींचं हँडल म्हणजे योक. अटारी कंपनीच्या १९८३ च्या 'स्टार वॉर्स' या आर्केड मशीनवर ते होतं. पण त्याची सुरुवात खेळातून झालेली नाही. अटारीचा १९८० चा 'बॅटलझोन' हा रणगाड्याचा गेम अमेरिकन लष्कराच्या नजरेत भरला. ब्रॅडली या चिलखती गाडीवरच्या जवानांच्या सरावासाठी त्याची वेगळी आवृत्ती बनली आणि तिच्यासाठी तयार झालेलं हँडल पुढे 'स्टार वॉर्स'मध्ये आलं.

हे हँडल डावी-उजवीकडे फिरतं, आणि मुठी पुढे-मागे वळवल्या की नेम वर-खाली जातो. कीबोर्डवर ही मजा येत नाही, कारण कीबोर्डचं बटण एक तर दाबलेलं असतं किंवा सुटलेलं. योक मात्र किती फिरवलं तेही सांगतं. थोडं वळवलं तर थोडं, पूर्ण वळवलं तर पूर्ण.

आत असतं तरी काय?

दोन पोटेन्शिओमीटर. दुकानदार त्याला नुसतं 'पॉट' म्हणतात. रेडिओचा आवाज कमी-जास्त करायची जी फिरकी असते, तीच ही वस्तू. एक पॉट डावी-उजवी बाजू मोजतो, दुसरा वर-खाली. बाकी सगळं लाकूडकाम आणि स्प्रिंगा.

सामान

- १० किलो-ओहमचे दोन लिनिअर पॉट. त्यांवर 'बी' अक्षर असतं. 'ए' अक्षराचे सहसा आवाजासाठीचे असतात, त्यांची वाढ एकसारखी नसते, ते नकोत.
- अर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो बोर्ड. त्यांतली ३२यू४ चिप कॉम्प्युटरला थेट जॉयस्टिक म्हणून ओळख देते. साधा ऊनो बोर्ड हे सरळ करत नाही, म्हणून घेतानाच विचारून घ्या.
- ८ मिमीचे दोन रॉड आणि चार ६०८ नंबरचे बेअरिंग. स्केटच्या चाकात असतात तेच.
- १२ मिमी प्लायवूड, चार स्प्रिंगा, दोन-चार पुश बटणं, वायर.

इलेक्ट्रॉनिक सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळतं. बेअरिंग हार्डवेअरच्या दुकानात.

सांगाडा

प्लायवूडचा खोका करा. त्याच्या पुढच्या आणि मागच्या भिंतीत एकेक बेअरिंग बसवून पहिला रॉड आरपार घाला. मागच्या टोकाला पहिला पॉट जोडा. पुढच्या टोकाला छोटी चौकट लावा आणि तिच्यातून दुसरा रॉड आडवा घाला. त्याच्या दोन्ही टोकांना मुठी, आणि चौकटीच्या आत दुसरा पॉट.

आता खरी मेख. हात सोडला की हँडल आपोआप मधोमध यायला हवं. त्यासाठी प्रत्येक रॉडला दोन सारख्या ताकदीच्या स्प्रिंगा विरुद्ध दिशांनी ओढत ठेवा. एक जास्त कडक असेल तर नेम कायम एका बाजूला सरकलेला राहील.

दुसरं, हँडल थांबवायला लाकडी ठोकळे लावा. मुलं जोशात येऊन हँडल पिरगाळतात. तो जोर ठोकळ्यावर पडला पाहिजे, पॉटवर नाही. नाहीतर पॉट आठवड्यात तुटेल. चौकटीतल्या पॉटच्या वायरीही सैल वळसा देऊन सोडा. हँडल फिरताना ताणल्या गेल्या तर पहिल्यांदा त्याच तुटतात.

जोडणी

पॉटला तीन पाय असतात. बाहेरच्या दोनपैकी एक बोर्डच्या ५ व्होल्टला, दुसरा ग्राउंडला. मधला पाय अ‍ॅनालॉग पिनला. मधला पाय चुकून ५ व्होल्टला जोडू नका. पॉट टोकाला गेला की शॉर्ट होईल. दिशा उलटी आली तर बाहेरचे दोन पाय अदलाबदल करा, झालं. बटणाची एक वायर पिनला, दुसरी ग्राउंडला.

बोर्ड प्रत्येक पॉटचा आकडा ० ते १०२३ असा वाचतो. पॉट साधारण २७० ते ३०० अंश फिरतो, पण आपलं हँडल फिरणार ९० अंश. म्हणजे तीनशेच्या आसपास पायऱ्याच हाती येतात. खेळायला तेवढ्या पुरतात. हँडल दोन्ही टोकांना नेऊन आणि मध्ये सोडून आकडे लिहून घ्या, आणि प्रोग्राममध्ये तेच टोक व मध्य म्हणून द्या. मध्याच्या दोन्ही बाजूंना आठ-दहा पायऱ्या सोडून दिल्या की नेम थरथरत नाही. अर्डुइनोसाठी जॉयस्टिकची तयार लायब्ररी फुकट मिळते.

दोन गोष्टी सांभाळा

हे सगळं यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालतं, त्यामुळे झटक्याची भीती नाही. ड्रिल आणि सोल्डरिंग मात्र अब्बा, मामू किंवा घरातलं कुणीतरी मोठं जवळ असतानाच. भंगारातलं जुनं आर्केड मशीन किंवा डब्बा टीव्ही मुलांना उघडू देऊ नका. त्याच्या पिक्चर ट्यूबमध्ये बंद केल्यावरही जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो.

आणि जुने गेम आजही कुणाच्या तरी मालकीचे आहेत. परवानगीशिवाय उतरवू नका. 'फ्लाइटगिअर' हा विमान उडवण्याचा प्रोग्राम रीतसर मोफत आहे. आपलं योक त्यावर चालवून पाहता येतं.

विकतचं कंट्रोलर बिघडलं की घरात कुणाला काही सुचत नाही. हे बिघडलं तर मुलगी किंवा मुलगा स्वतःच झाकण उघडेल, कारण आत काय आहे ते त्यांना ठाऊक असेल. सुट्टीतून एवढं जरी हाती लागलं, तरी आम्हाला वाटतं, सौदा फायद्याचा आहे.