थंड शीर, तापलेले गाव

चंद्रपुरात मे महिन्यातल्या दुपारी शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. पारा पंचेचाळीसच्या वर, कूलर नुसताच घरघरणारा आणि रस्त्यावर कुत्रेसुद्धा नाही. बँकेतून निवृत्त झाल्यापासून अशा दुपारी मी लिहितो, निदान लिहितो असे घरात सांगतो. गेल्या मे महिन्यात काही केल्या लिहिणे होईना, म्हणून माळ्यावरची खोकी खाली काढली. एका खोक्यात धाकट्या मुलाची इंजिनिअरिंगची पुस्तके, एक बंद पडलेला कॅलक्युलेटर आणि घरीच कॉपी केलेली एक सीडी निघाली. सीडीवर मार्करने, त्याच्या तिरक्या अक्षरात, दोनच शब्द लिहिलेले होते : 'कोल्ड व्हेन'.

ती सीडी मी ओळखली. २००४ सालची गोष्ट असेल. संध्याकाळी शाखेतून घरी आलो, तर त्याच्या बंद खोलीतून विचित्र आवाज येत होता. मी दार ठोठावून म्हणालो, "हे गाणं आहे की गिट्टीचं क्रशर?" तो काही बोलला नाही. आवाज बंद झाला. दुसऱ्या दिवशी त्याने हेडफोन आणला. त्यानंतर आमच्या घरात त्याचे संगीत कधीच ऐकू आले नाही आणि तो काय ऐकतो हे मीही कधी विचारले नाही. आता तो पुण्यात असतो. दर रविवारी फोन येतो. तब्येत, पाऊस, गॅसचा नंबर, एवढे बोलून झाले की दोघेही गप्प होतो.

ती सीडी काही लागली नाही. पण हल्ली सगळे जग मोबाइलमध्ये असते, तसा हा अल्बमही होता. 'द कोल्ड व्हेन'. न्यूयॉर्कच्या 'कॅनिबल ऑक्स' या जोडीचा हा पहिला अल्बम १५ मे २००१ रोजी 'डेफिनिटिव्ह जक्स' नावाच्या छोट्या कंपनीने काढला. शब्द आणि आवाज हार्लेमच्या दोन कृष्णवर्णीय तरुणांचे : व्हास्ट एअर आणि व्हॉर्डुल मेगा. संगीत सगळेच्या सगळे एल-पी या ब्रुकलिनच्या गोऱ्या तरुणाचे, आणि कंपनीही त्याचीच. पंधरा गाणी, सुमारे सव्वा तास.

हिप-हॉप म्हणजे काय, हे माझ्या पिढीला थोडे सांगायला हवे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क या जमैकात जन्मलेल्या मुलाने बहिणीच्या मेजवानीत तबकड्या वाजवल्या, तिथून हे सुरू झाले असे मानतात. गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा त्याने दोन तबकड्यांवर फिरवून फिरवून लांबवला आणि त्या तालावर माणसे नाचू लागली, मग बोलू लागली. ज्यांच्याकडे वाद्ये घ्यायला पैसे नव्हते, त्यांनी दुसऱ्यांच्या तबकड्यांचेच वाद्य केले. पुढे त्याचा मोठा धंदा झाला, सोन्याच्या साखळ्या आणि लांबलचक मोटारी आल्या. ज्यांना ते नको होते ते तळघरात राहिले. 'कोल्ड व्हेन' हे त्या तळघरातले काम आहे.

पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला एक अक्षर कळले नाही. जुन्या सवयीने वही घेतली. मोबाइलवर शब्द मिळतात, ते समोर ठेवले. डाव्या पानावर न कळलेले, उजव्या पानावर कळलेले. डावे पान भरत गेले, उजवे कोरेच. बँकेत असा ताळेबंद घेऊन गेलो असतो, तर शाखा तपासणीत धडगत नव्हती.

मग वही मिटली आणि नुसते ऐकले. ड्रमचा ठोका संथ आणि जड, पाय ओढत चालल्यासारखा. त्यामागे यंत्रांचा एक घुमणारा, कधी कण्हणारा आवाज. धून म्हणावी असे हाताला फारसे लागतच नाही. आणि एकाएकी मला वाटले, हा आवाज तर माझ्या ओळखीचा आहे. मी ऊर्जानगरजवळ राहिलेला माणूस आहे. औष्णिक वीज केंद्राची रात्रभरची घरघर, कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यांची खडखड, खुल्या खाणीत सुरुंग उडाला की खिडकीच्या काचांना भरणारी थरथर, हे आमचे पार्श्वसंगीतच. सकाळी वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी करड्या रंगाचा होतो. या गावावर मी कादंबरी लिहिली, पण तिच्यात पाखरांचे आवाज घातले, ताडोबा घातला, इरई नदी घातली. ही घरघर घालायची मला सुचली नाही. कारण ती मला आवाज वाटतच नव्हती. मुलाला मात्र ती लहानपणापासून ऐकू येत असली पाहिजे.

दोन्ही गळ्यांची रीत वेगळी आहे. व्हास्ट एअर सावकाश बोलतो, शब्दाशब्दावर थांबतो, साक्षीदाराने पिंजऱ्यात उभे राहून सांगावे तसा. व्हॉर्डुल स्वतःशीच पुटपुटतो, यमकात यमक अडकवत, श्वास संपेपर्यंत. एक जगाला सांगतो, दुसरा जगापासून लपतो. आमच्या झाडीपट्टीच्या दंडारीत एकाने पुढे होऊन बोलावे आणि मागच्यांनी ते उचलावे, तसे इथे होत नाही. इथे दोघेही एकटे आहेत, फक्त एकाच थंडीत उभे आहेत.

अर्थाचे म्हणाल, तर मराठी वाचकाने या बाबतीत घाबरण्याचे कारण नाही. आपल्याला याची सवय आहे. मर्ढेकरांची 'काही कविता' १९४७ साली आली तेव्हा दुर्बोध म्हणून ओरड झाली आणि अश्लील म्हणून खटला झाला. आज पिंपातले ते उंदीर शाळकरी मुलालाही ठाऊक आहेत. ढसाळांच्या 'गोलपिठा'ला १९७२ साली तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली आणि त्यातले कित्येक शब्द आपल्याला परके आहेत, हे मोकळेपणाने मान्य केले. नागपूरचे ग्रेस तर आम्हा वैदर्भीयांनी अर्ध्याहून अधिक न समजताच पाठ केले. मग मुलाच्या खोलीबाहेर उभा राहून मी लगेच अर्थ का मागितला?

मर्ढेकरांचे उंदीर आठवले, कारण या अल्बमात कबुतरे आहेत. शहराच्या वळचणीला राहणारी, सांडलेल्यावर जगणारी, कुणालाच न आवडणारी. गरीब वस्तीतला माणूस म्हणजे हे कबूतर. 'पिजन' नावाच्या गाण्यात ते सर्वांत ठळक होते, आणि लगेच 'स्क्रीम फीनिक्स'मध्ये राखेतून उठणारा पक्षी येतो. सव्वा तास काळोखात बसवल्यावर शेवटी एवढाच उजेड. तो फुकट मिळत नाही, म्हणूनच खरा वाटतो.

पहिल्या गाण्याचे नाव 'आयर्न गॅलक्सी', लोखंडी आकाशगंगा. आणि 'व्हेन' म्हणजे शीर, तशीच खडकातून धावणारी धातूची रेघही. हे वाचले आणि गडचिरोली आठवली. एटापल्ली तालुक्यातला सुरजागडचा डोंगर लोखंडाचा आहे. आता त्यातून खनिजाचे ट्रक रात्रंदिवस वाहतात. त्या बाजूच्या एका शाखेत मी तीन वर्षे होतो. एकदा एक माडिया तरुण कर्जासाठी आला. कागद अपुरे होते. मी नियम समजावून सांगितला, तो माडियात काही बोलला, दुभाषा त्या दिवशी नव्हता. तो बराच वेळ बोलला आणि निघून गेला. पुढे कादंबरीत मी त्याला घेतले आणि त्याच्या तोंडी सुरेख, अर्थपूर्ण, शुद्ध मराठी वाक्ये घातली. समीक्षकांनी ती वाखाणली. आज वाटते, ते पान खोटे आहे. त्याचे बोलणे मला कळले नव्हते, तर ते न कळलेलेच ठेवायला हवे होते. 'कोल्ड व्हेन'मधली पोरे स्वतःला समजावून देत नाहीत. तुम्ही त्यांच्यापर्यंत या, असे म्हणतात.

अल्बम निर्दोष आहे असे नाही. लांबी थोडी अधिक आहे. प्रतिस्पर्ध्याला लोळवण्याच्या बढाया मधूनमधून कंटाळा आणतात, भाषा शिवराळ आहे. अमेरिकी कॉमिक्स वाचलेली नसतील तर अनेक जागा निसटतात. स्त्रीसाठी जागा कमी. पण 'द एफ वर्ड' हे गाणे ऐका. नावावरून वाटते तो शब्द तो नव्हेच. प्रेम सांगायला गेलेल्या मुलाला मुलीने 'फ्रेंड' म्हटले, त्या 'फ्रेंड'चे ते दुखणे आहे. मी चक्क हसलो.

असे संगीत आपल्याकडेही आले आहे. मुंबईच्या 'स्वदेशी' या गटाने २०१९ साली आरे जंगलातल्या आदिवासींचे कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन 'द वारली रिव्होल्ट' केले. त्याच ऑक्टोबरात आरेतली झाडे रातोरात तोडली गेली. एमसी मवाली त्यात मराठीत बोलतो. याच गटातून पुढे आलेला सौरभ अभ्यंकर तर आमच्या अमरावतीचा, आणि एमसी तोडफोड हा गुणी पोरगा २०२२ साली चोविसाव्या वर्षी गेला. त्यांचे गाणे शाहिरीच्या वाटेचे आहे : समोर गर्दी आहे, शत्रू ठरलेला आहे, सांगणे स्पष्ट आहे. ते हवेच. पण शत्रू नेमका कोण हे कळत नाही, फक्त छातीत घरघर भरून राहते, अशा दिवसांचेही गाणे लागते. ते कुणी दुर्गापूरच्या खाणीजवळच्या पोराने, कुणी भामरागडच्या पोरीने, आपल्या भाषेत, मला न कळेल असे करावे. मी ऐकीन.

त्या रविवारी फोन आला. तब्येत झाली, पाऊस झाला. मी म्हणालो, "तुझी ती कोल्ड व्हेन ऐकली."

पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, "बाबा, तुम्ही? पूर्ण?"

"तीनदा. निम्म्याहून जास्त कळलं नाही."

"मलाही तेव्हा कुठं कळत होतं," तो म्हणाला. "फक्त एवढं वाटायचं की, आपल्या गावात रात्री जे वाटतं ते कुणीतरी तिकडं वाजवलंय."

रात्री काय वाटायचे, हे मी वीस वर्षांपूर्वी विचारायला हवे होते. त्या दिवशी विचारले. फोन पाऊण तास चालला. गॅसचा नंबर राहूनच गेला.