कसोटीविना दिग्गज

आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये २००९ साली गावसकर आणि बेदी गेले, २०१९ मध्ये सचिन. त्यावर कोण भांडणार? चर्चा रंगते ती पद्माकर शिवलकरांच्या नावावर.

मुंबईचा हा डावखुरा फिरकीपटू. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, कसोटी एकही नाही. जागा बेदींनी अडवलेली. हरियाणाचे राजिंदर गोयल तर ७५० बळी घेऊनही बाहेरच. १९७३ च्या रणजी अंतिम सामन्यात शिवलकरांनी तामिळनाडूविरुद्ध १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी टिपले. आणखी काय करायला हवे होते?

आंतरराष्ट्रीय कारकीर्द हाच निकष धरला, तर दोघेही बाद. बीसीसीआयने मात्र २०१७ मध्ये दोघांनाही जीवनगौरव दिला, तोही नागपूरच्या सी. के. नायडूंच्या नावाचा.