आठ हजार नळ्यांची जाळी

रेडिएटरला डाग देण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून मोटारीच्या इतिहासात कार्ल बेंझपेक्षा मला विल्हेल्म मायबाख जवळचा. अनाथाश्रमात वाढलेला हा पोरगा पुढे डाइमलर कंपनीचा मुख्य डिझायनर झाला. इंजिनाची ताकद वाढली की पाणी उकळायचं, ही तेव्हाची खरी डोकेदुखी. मायबाखने जेमतेम ६ मिलिमीटरच्या ८,०७० चौकोनी नळ्या झाळून मधाच्या पोळ्यासारखी जाळी केली. नळ्यांतून वारा, मधल्या फटींतून पाणी, मागे पंखा. ९ लिटर पाण्यात काम भागलं! कंपनीने १९०० मध्ये पेटंट अर्ज केला. १९०१ च्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजवर ती जाळी झळकली. कल्पना भन्नाटच. पण मधलीच एखादी नळी गळली, तर डाग द्यायला हात कुठून घालायचा?